रुमाल टाकलेली खुर्ची

आता मी जे सांगणार आहे, त्यावर तुमच्यातलं एकही माणूस विश्वास ठेवणार नाही. लावा पैज. ओढ्यातल्या मगरीनं सोसायटीच्या सेक्रेटरीला बघून रस्ता सोडला, ही माझी गोष्ट तुम्ही पचवलीत. माझ्या चुलत्यानं एका शिंकेत वरातीचा बँड बंद पाडला, तीही पचवलीत. ही पचणार नाही. कारण हिच्यात मगर नाही, शिंक नाही, थोडं विज्ञान आणि नुसत्या खुर्च्या आहेत. मांडववाल्याच्या. प्लॅस्टिकच्या.

लाईट गेलीय, गिरणी बंद आहे, तुमची दळणं रांगेत आहेत. तेव्हा ऐकण्यावाचून तुम्हाला दुसरा उद्योग नाही. सोपान, गिरणी तुझी असली तरी आत्ता गप्प बस. हौसाबाई, तुम्ही ज्वारीच्या डब्यावर बसा, तो मजबूत आहे. आणि कोपऱ्यातल्या बाई, तुम्हीही पुढं सरका, लांबून आलेल्या दिसता. नाही? बरं, तिथंच बसा.

गोष्ट कासारपिंपळची. इथून एसटीनं अर्धा-पाऊण तास. मागच्या निवडणुकीच्या वेळची. बाईचं नाव मी वैजयंता ठेवतो आणि तिच्या नवऱ्याचं विश्वंभर. खरी नावं वेगळी आहेत, ती विचारायची नाहीत.

वैजयंता कॉलेजात राज्यशास्त्र शिकवायची. शेवटच्या वर्षाला एक धडा असा होता की, पोरांना तो पाठ व्हायचा पण पटायचा नाही. चांगली शहाणीसुरती माणसं एकाएकी एखाद्या हात उगारून बोलणाऱ्या पुढाऱ्याच्या मागं का जातात, असा तो धडा. वैजयंता फळ्यावर तीन गोल काढायची.

"पहिला पोटाचा," ती सांगायची. "काम गेलं, भाव पडले, कारखान्याला कुलूप लागलं, की माणूस चिडतो. दुसरा पंगतीचा. पोट भरलेलं आहे, पण माणसाला वाटतंय की आपल्याला पंगतीतून उठवलं आणि आपल्या पत्रावळीवर दुसऱ्याला बसवलं. उपाशी माणूस जेवला की विसरतो. पंगतीतून उठवलेला माणूस नातवाला सांगून मरतो. आणि तिसरा पुरवठ्याचा. राग घरोघरी सरपणासारखा रचून ठेवलेलाच असतो. काडेपेटी घेऊन कोण हिंडतोय, ते बघायचं."

"मॅडम, परीक्षेला कुठला येणार?" पोरं विचारायची.

"तिन्ही."

ती स्वतः मात्र पंगतीच्या बाजूची होती. तिचा प्रबंधच त्यावर होता. त्याला कारण तिचं माहेर.

कासारपिंपळच्या माळाला एक वसाहत आहे. डोंगरात धरण झालं, आंबेशेत नावाचं गाव पाण्याखाली गेलं, आणि तिथली माणसं सरकारनं ट्रकात घालून या सपाटीवर आणून सोडली. येताना त्यांनी एका पत्र्याच्या पेटीत आपली आंबजाई देवी आणली. त्याला दोन पिढ्या झाल्या. भाषा एक, देव एकमेकांच्या नात्यातले, पण गावासाठी ते अजून 'धरणवाले'. ते भात जास्त खातात, नाचणीची भाकरी करतात, सुकट भाजतात आणि त्याचा वास वेशीपर्यंत येतो. एवढ्यावर माणसं भांडतात का? भांडतात. वैजयंता त्या वसाहतीतली.

प्रबंधासाठी ती गावात आणि वसाहतीत घरोघर गेली होती. एकच प्रश्न विचारायची: तुमच्याकडून काय गेलं? वसाहतीतली माणसं सांगायची, गाव गेलं. हे ठीकच होतं. पण ज्यांचं कौल सुद्धा हललं नव्हतं ती कासारपिंपळची माणसंही तासभर सांगत बसायची. जत्रेचा मान गेला. शाळेचं नाव बदललं. पारावर बसलं की आता अर्धे चेहरे ओळखू येत नाहीत. एक म्हातारा तर म्हणाला, "काय गेलं ते आठवत न्हाई बाई, पण गेलंय मात्र नक्की."

तिच्या मार्गदर्शकांनी सुरुवातीलाच नियम घालून दिला होता. घरचा माणूस नमुन्यात घ्यायचा नाही. नात्यामुळं उत्तर नासतं. वैजयंतानं नियम पाळला. अगदी आनंदानं पाळला.

आता घरचा माणूस म्हणजे विश्वंभर माळवदे. नगरपरिषदेच्या पाणीपुरवठ्यात कारकून. नियमाचा असा पक्का की लग्नातसुद्धा अक्षता मोजून घेईल. पिंपळेश्वराच्या जत्रेत पहिला नारळ फोडायचा मान माळवद्यांचा, सात पिढ्यांचा. धरणवाल्यांनी आंबजाईची पालखी त्याच जत्रेत आणली तेव्हा डोकी फुटली होती. शेवटी विश्वंभरच्या वडिलांनी, तात्यांनी, तोड काढली. एक वर्ष नारळ माळवद्यांचा, एक वर्ष वसाहतीचा. आणि तंटा कायमचा मिटावा म्हणून वसाहतीतली मुलगी सून करून घेतली.

लग्नानंतरच्या पहिल्या जत्रेत नारळ वसाहतीचा होता. विश्वंभर हातात ताट धरून बाजूला उभा. रात्री वैजयंतानं विचारलं, "वाईट वाटलं का हो?"

तो हसला. "नारळच तर आहे. खोबरं दोन्ही वर्षी तेवढंच मिळतं."

या एका वाक्यावर तिनं वीस-बावीस वर्षं संसार केला. वाईट झाला नाही. तो चहा चांगला करायचा. तिची डोकेदुखी त्याला तिच्या आधी कळायची. गाव त्याला 'मॅडमचे मिस्टर' म्हणायचं आणि तो स्वतःही तशी ओळख करून द्यायचा, हसत. नाचणीचं पीठ ती तांदळाच्या डब्यामागं ठेवायची आणि तो ड्युटीवर गेला की एखादी भाकरी करून खायची. सासूनं एकदाच 'काळी भाकरी' म्हटलं होतं. सासू जाऊन किती वर्षं झाली, पण डबा मागंच राहिला.

"आन यात इज्ञान कुठं आलं?" असं हौसाबाईंच्या तोंडावर दिसतंय. आलं, आलं.

एका रविवारी सकाळी वैजयंताचा जुना विद्यार्थी घरी आला. निशिकांत त्याचं नाव. एका मोठ्या कंपनीत लागला होता, पेढे घेऊन आला. म्हणाला, "मॅडम, तुमच्या प्रबंधाला पाय फुटले."

"कुठं चाललाय?"

"सभेला." आणि त्यानं तिच्या मनगटाकडं बोट केलं. "हे कडं बघा."

तेव्हा सगळ्यांच्या हातात ते आरोग्यकडं असायचं, आताही आहे की, रेशनबरोबर फुकट मिळालेलं. नाडी, घाम, अंगाची ऊब, सगळं मोजतं आणि साखर वाढली की ओरडतं.

निशिकांत म्हणाला, "पैसे गेले की माणसाची नाडी उडते आणि तासाभरात खाली येते. पण मान गेला, की ती उडत नाही. बोटं गार पडतात, तळहाताला घाम येतो, श्वास अर्ध्यावर थांबून थांबून चालतो. आणि हे टिकतं. आज टोचलं तर वीस वर्षांनी त्याच गोष्टीचं नुसतं नाव निघालं तरी बोटं तितकीच गार. तुमचा पंगतीतून उठवलेला माणूस, मॅडम. तुम्ही तो शोधायला दारोदार फिरलात. आम्हाला फिरावं लागत नाही. फोनवर काय दिसलं तेव्हा अंगठा थबकला आणि त्याच क्षणी बोटं गार पडली, एवढं जुळवलं की दुखरी जागा सापडते. प्रत्येकाची."

"आणि सापडली की?"

"तिथं बोट ठेवायचं." तो उत्साहानं पुढं सरकला. "नेहमीच्या कर्ण्याचा आवाज दिव्याच्या उजेडासारखा सगळीकडं सांडतो. पण कानाला ऐकू न येणारा फार बारीक आवाज असतो, तो टॉर्चच्या झोतासारखा सरळ जातो. त्याच्यावर बोलणं चढवायचं. हवेतून जाता जाता ते बोलणं सुटं होतं, आणि झोत ज्याच्यावर पडला त्यालाच ऐकू येतं. शेजारच्याला नाही. मांडवाच्या खांबांवर असे बारके झोत लावले, की जितक्या खुर्च्या तितकी भाषणं. आवाज एकाच पुढाऱ्याचा."

"काय बोलतो तो?"

"ज्याचं त्याला. एकच शब्द सगळ्यांत सारखा असतो. 'ते'. त्यांनी घेतलं, ते माजलेत, त्यांना धडा शिकवू. 'ते' म्हणजे कोण, ती जागा रिकामी. खुर्ची बघून भरायची. दुकानदाराला नोकर, नोकराला दुकानदार. आम्ही याला 'कानमंत्र' म्हणतो."

"आन व्हट?" काय हौसाबाई? बरोबर विचारलंत. ओठ दिसतील की नाही? तर रणधीरराव खर्डे म्हणून जे पुढारी होते, मानरक्षण मंचाचे, त्यांना कंपनीनं निवडलंच मिशांवरून. एवढ्या मिशा की जेवताना घरचे लोक त्या वर धरायचे. ओठ आहेत की नाहीत हे त्यांची दाढी करणाऱ्यालाच ठाऊक. सुरुवातीची दहा मिनिटं ते खरे बोलायचे, पुढं नुसते हात हलवायचे आणि मिशी थरथरवायची. शेवटी म्हणायचे, "जे ऐकलंत ते काळजात ठेवा, बोलून वाया घालवू नका." त्यामुळं कोणी कोणाला विचारायचं नाही. नऊ-दहा शहरांत सभा झाल्या. कांदा पिकवणारा आणि कांद्याचा भाव पाडून घेणारा, दोघंही एकाच मंडपातून एकाच माणसाचा जयजयकार करत बाहेर पडले.

वैजयंतानं सगळं ऐकून घेतलं. तिला राग यायला हवा होता. आला नाही. तिनं पेढ्याचा कागद घडी करून, परत घडी करून, अगदी लहान केला.

"निशिकांत, आमचं घर आहे का त्यात?"

"सगळीच घरं आहेत, मॅडम. तुम्ही नमुना घेतला होता. आम्ही गाव घेतलंय." मग आवाज खाली आणून म्हणाला, "बघायचंय? सरांचं? माझ्याकडं आहे."

स्वयंपाकघरातून पाण्याचा आवाज येत होता. विश्वंभर भाजी धूत होता.

"नको," ती म्हणाली.

तेवढ्यात तो ओले हात झटकत बाहेर आला. "काय निशिकांतराव, चहा मिळाला का? मॅडमनी विचारलं नसेलच. त्या आधी प्रश्न विचारतात, मग चहा."

"घेतो की सर."

"सर कसला? सर त्या. मी मिस्टर."

सगळे हसले. वैजयंताही हसली. हसता हसता तिचं लक्ष त्याच्या बोटांकडं गेलं. ओली होती. गार आहेत की नाहीत, हे बघायचं तर हात धरावा लागला असता.

त्या आठवड्यात कासारपिंपळच्या सभेचे पास आले. फोनवर. प्रत्येकाला खुर्चीचा नंबर. विश्वंभरची आणि तिची खुर्ची शेजारी शेजारी.

"जायचं का?" तिनं विचारलं.

"सगळं गाव जातंय. न गेलं तर बरं दिसत नाही." मग पेपर उचलत, "यंदाचा नारळ कुणाचा यावर रणधीरराव बोलणार म्हणे."

"यंदा वसाहतीचा ना?"

"हो. वसाहतीचाच," असं म्हणून तो पेपर वाचायला लागला.

आता इथं कंपनीची चूक झाली. बरं, चूक साधी नव्हे, शिकलेल्या माणसाची चूक. त्यांनी गावाची नाडी मोजली, घाम मोजला, पण गाव सभेला जाऊन बसतं कसं हे विचारलं नाही. आधीच्या सभा मोठ्या शहरांत होत्या. तिथं दारावर माणसं उभी असायची, नंबर बघून नेऊन बसवायची. कासारपिंपळात पास कोण बघतो? सभा चारची. दीडपासूनच माणसं येऊन जागा धरायला लागली. एक माणूस यायचा आणि सात खुर्च्यांवर सात रुमाल टाकून जायचा. रुमाल संपले की टोपी, टोपी संपली की पाण्याची बाटली, चष्म्याचं घर, एकीनं तर तान्हं मूल निजवून जागा धरली आणि घरी जाऊन भाकऱ्या टाकून आली. कॉलेजच्या मैदानावर मांडव असा दिसत होता की वाटावं, धोब्यानं वाळत घातलंय.

मंचाचे कार्यकर्ते होते. पण तेही गावचेच. टाकलेला रुमाल उचलणं म्हणजे त्या माणसाच्या थोबाडीत मारणं. ते बिचारे फिरून फिरून स्वतःच दमले आणि आपापल्या मावशीनं धरलेल्या खुर्च्यांवर जाऊन बसले.

काय सोपान? कॅमेरे नव्हते का? होते रे बाबा. तोंडं ओळखणारे कॅमेरे. पण उन्हाचे दिवस. पुरुषांनी डोक्याला उपरणी गुंडाळलेली, बायांनी नाकापर्यंत पदर. कॅमेऱ्यांना सगळं गाव एकाच बाईसारखं दिसलं.

अख्ख्या मांडवात नंबर बघून बसलेला माणूस एकच, विश्वंभर. तो आपल्या खुर्चीत बसला आणि शेजारच्या, वैजयंताच्या नंबरच्या खुर्चीवर आपला निळ्या चौकटीचा रुमाल टाकला. ती कॉलेजचं काम आटपून आली तेव्हा त्या खुर्चीवर ऊन आलं होतं. वरचं कापड नेमकं तिथं फाटलेलं.

"तू इकडं बस," तो उठत म्हणाला. "उन्हानं डोकं धरेल तुझं."

"असू दे हो."

"बस म्हटलं ना. परत दोन दिवस अंधार करून पडशील."

ती त्याच्या खुर्चीत बसली. तो उन्हात. रुमाल त्यानं डोक्यावर घेतला.

रणधीरराव आले. हार झाले, फटाके झाले. पहिली दहा मिनिटं माती, आई, इतिहास. मग खांबांवरनं अगदी हलकी शीळ घातल्यासारखं काही झालं, आणि रणधीररावांचा आवाज वैजयंताच्या अगदी कानाशी आला. कोणी खांद्यावर हनुवटी ठेवून बोलावं तसा.

"सात पिढ्यांचा मान तुमच्या वडिलांनी एका दुपारी देऊन टाकला. तुम्हाला विचारलं होतं का? हातात ताट दिलं आणि उभं केलं. त्यांनी मान घेतला आणि वर मुलगी दिली, म्हणजे तोंड बंद. तेव्हापासून तुम्ही हसताय. लोकांना वाटतं, याला काही वाटत नाही."

वैजयंताला पहिल्यांदा सुचलं ते असं, की वाक्यं लहान आहेत, चांगली आहेत. प्रबंध तपासताना सुचावं तसं.

"आज त्यांचीच मुलगी गावाला शहाणपण शिकवते आणि गाव तुम्हाला तिच्या नावानं ओळखतं. स्वतःच्या घरात, स्वतःच्या ताटासमोर बसलात तरी पाहुण्यासारखं वाटतं की नाही? ते आले तेव्हा त्यांच्याकडं एक पत्र्याची पेटी होती. आज घर कुणाचं आहे? आणि पेटी कुणाच्या हातात आली?"

अजून बरंच होतं. सुकटीच्या वासाचं होतं. ती कॉलेजातून उशिरा येते तेव्हा दार उघडायला उठावं लागतं, त्याचं होतं. तिनं ते सगळं ऐकलं. गावातल्या प्रत्येक दारात जाऊन तिनं विचारलं होतं, तुमच्याकडून काय गेलं. एक दार सोडून. त्या दाराचं उत्तर आता तिला परक्या माणसाच्या आवाजात, मिशीतून, मिळत होतं. उत्तर मुद्देसूद होतं. शंभरातले शंभर द्यावेत असं.

तिनं शेजारी बघितलं. विश्वंभर समोर बघत होता. रुमाल डोक्यावरून काढून त्यानं हातात घेतला होता. त्याची चौकोनी घडी करत होता, उलगडत होता, पुन्हा करत होता. तिच्या खुर्चीत बसून तो काय ऐकत होता? तिच्या आत असं काय सापडलं असेल त्यांना? पाण्याखालचं गाव? तांदळामागचा डबा? उन्हाळ्यात पाणी ओसरलं की आंबेशेतच्या देवळाचा कळस वर येतो, तो बघायला ती दरवर्षी एकटी जाते, ते? तिला स्वतःलाही नीट माहीत नव्हतं. तिच्याकडून काय गेलं, हे तिला कोणी विचारलं नव्हतं.

आणि मांडवभर तेच चाललेलं. कापडवाल्या शेठजींच्या कानात त्यांच्याच दुकानातला गडी बोलत होता. सुनेच्या कानात सासू. गावच्या पाटलाच्या कानात वसाहतीतला एक पोरगा सांगत होता की, तुमच्या विहिरीवर माझ्या आजीला कसं ताटकळत ठेवलं होतं. ज्यानं त्यानं दुसऱ्याचा राग ऐकला आणि त्यातला 'ते' म्हणजे आपणच, हे ज्याला त्याला कळलं.

तुम्हाला वाटेल मारामारी झाली. खुर्च्या उडाल्या. नाही. कोणी हललं नाही. रणधीरराव शेवटचं वाक्य बोलून हात वर करून उभे राहिले, टाळ्यांसाठी. टाळी नाही. हात दुखायला लागला तरी टाळी नाही. मांडवामागच्या गाडीत कंपनीची पोरं पडद्याकडं बघत बसलेली. नाड्यांच्या रेघा सरळ. यंत्राला वाटलं गाव झोपलं. निशिकांतनं तारा हलवून बघितल्या.

मग लोक उठले. रुमाल झटकले, घड्या करून खिशात ठेवले, बाटल्या उचलल्या. तान्हं मूल जिचं तिनं नेलं. एकमेकांना "चला" म्हणाले आणि गेले.

स्कूटरवरून येताना वैजयंतानं नेहमीसारखा त्याच्या खांद्यावर हात ठेवला. खांदा खांद्यासारखा होता. डेअरीपाशी त्यानं वेग कमी केला.

"दूध घ्यायचंय का?"

"घ्या अर्धा लिटर."

घरी आल्यावर त्यानं चहा केला. आलं घातलं. तिनं वाल सोलले. बातम्यांत दुसरंच काहीतरी होतं, तेच दोघांनी बघितलं. ती वाट बघत होती की आपल्याला रडू येईल किंवा संताप येईल, निदान भीती वाटेल. शिकवण्यासारखं तरी काही वाटेल. पण दाढ काढताना सुई टोचल्यावर गाल जसा दुसऱ्याचा होतो, तसं तिचं सगळं अंग झालं होतं. झोपताना तो म्हणाला, "डोकं नाही ना दुखलं?"

"नाही. सावलीत होते."

"बरं."

दुसऱ्या दिवशी तिनं फळ्यावर तीन गोल काढले. एका मुलीनं विचारलं, "मॅडम, पंगतीतून उठवलेला आणि उठवणारा एकाच घरात असले तर?" वैजयंतानं तिन्ही गोल पुसले. मग म्हणाली, "ते अभ्यासक्रमात नाही."

आता पुढं ऐका. इथंच तर मजा आहे. असे आठ-दहा दिवस गेले. आणि एका सकाळी काय झालं, विश्वंभर तिच्या समोर येऊन बसला, तिचा हात हातात घेतला, बोटं बघा कशी ऊन ऊन! आणि म्हणाला, "वैजू, माझ्या खुर्चीत काय ऐकलंस ते सांग. एकूण एक सांग." तिनं सांगितलं. तो ढसाढसा रडला. मग त्यानं तिच्या खुर्चीतलं सांगितलं, ती रडली. आणि रडून झाल्यावर, मंडळी, तो गडी उठला, तांदळामागचा डबा स्वतःच्या हातानं पुढं काढला, बाजारातून पाच किलो नाचणी घेतली, स्कूटरला बांधली आणि भर दिवसा, चारचौघांत, दळायला घेऊन आला. कुठं? इथं! याच गिरणीत! इथं, जिथं हौसाबाई बसल्यात, इथंच डबा ठेवला आणि छाती काढून म्हणाला, "माझ्या घरची नाचणी आहे, बारीक दळा." आणि त्या सालच्या जत्रेत माळवद्यांचा एक हात आणि वसाहतीचा एक हात, दोघांनी मिळून एकच नारळ—

"खोटं आहे."

कोण बोललं? कोपऱ्यातल्या बाई. उठल्यासुद्धा.

"बाकीचं तुम्ही कुठून गोळा केलंत मला माहीत नाही, अण्णा. हे खोटं आहे. सोपानदादा, तुम्ही रोज इथं असता. असा कोणी माणूस नाचणी घेऊन आला होता?"

"न्हाई बा," सोपान म्हणाला. "नाचणी फकस्त तुमीच आणता, मॅडम."

त्यांनी आपल्या डब्याचं झाकण उघडून तो रांगेत पुढं ठेवला. आत काळसर लाल दाणे होते.

"घराजवळच्या दोन गिरण्या सोडून इथं आणते, कारण घरी अजून पिठाचा डबा तांदळामागंच आहे. खुर्चीत काय ऐकलं ते ह्यांनी विचारलेलं नाही. मीही नाही. आम्ही रोज समोरासमोर बसून जेवतो."